कोऱ्या घरात शून्य भरू नका

तुमच्या घरात एखादी जुनी वही असेल. आजोबांची, मामांची, नाहीतर गावाकडच्या काकांची. पहिल्या पानावर श्री, मग दुधाचा हिशेब, मग बियाण्याचा, आणि मध्येच कुठेतरी एक ओळ: मृग कोरडा गेला, आर्द्रा बरी, हत्तीने धुऊन काढले. ही हवामानाची नोंद आहे असे लिहिणाऱ्याच्या मनातही नसेल. पण ती आहे. आणि आजकाल फोनवर तक्ता उघडता येतो, फुकट संकेतस्थळ करता येते, तर अशा वहीतून घरच्या आणि गावच्या हवामानाचा छोटासा कोश सहज उभा राहतो. या वेळी तेच सांगणार आहे. त्यात मी केलेल्या चुकाही सांगते, म्हणजे तुमचे आठवडे वाचतील.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, अशा सात वह्या होत्या. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक ठेवले होते. वर फनेल, खाली बाटली, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेले काचेचे मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला ते वर जायचे. अण्णा गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या, म्हणजे चंदीगडला, सेक्टर ३० मध्ये. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था याच सेक्टरात आहे. १९५९ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशासाठी नाना प्रकारची मोजमापाची उपकरणे घडवते. तिच्या आवाराजवळून भाजीची पिशवी घेऊन येताना मला दर वेळी ते फडक्यातले मोजपात्र आठवते.

गेल्या पावसाळ्यात लेक म्हणाली, “आई, वह्या कपाटात ठेवून वाळवी लागेल. आपण यांची साइट करू. तू तक्ता भर, बाकी मी बघते.” मी भरायला बसले, आणि पहिल्याच संध्याकाळी अडकले.

अडकले कारण मी एकाच तक्त्यात सगळे घालत होते. गारपीट म्हणजे काय, हे एका ओळीत. आणि अमुक दिवशी गारा पडल्या, हे त्याच्याच खालच्या ओळीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सुरुवातीपासूनच दोन तक्ते करा. पहिला शब्दांचा: धुके, वळीव, गारपीट, वावटळ, झड, दहिवर, खळे. एका घटनेला एकच ओळ. दुसरा नोंदींचा: कुठे, केव्हा, किती, कोणी पाहिले. दोघांना जोडणारा एक रकाना हवा, तो म्हणजे प्रत्येक घटनेचे छोटे, कधीच न बदलणारे नाव. हे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. मी हौसेने देवनागरी ठेवले होते. पानाचा पत्ता व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवला, तर तिकडे टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची हातभर लांब माळ पोचली. तिला वाटले, काहीतरी फसवणुकीचा दुवा आहे. तिने तो उघडलाच नाही, आणि तिचे बरोबरच होते.

शब्दांचा तक्ता करताना खरी मजा येते. तुम्ही कुठे राहता त्यावर तो बदलतो. मला वाटले होते, पाऊस म्हणजे पाऊस. पण आमच्याकडे पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर उकाडा होऊन संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो तो वळीव. जो नको तेव्हा येतो तो अवकाळी. तीन-चार दिवस सूर्य दिसू देत नाही ती झड, आणि ती थांबली की उघडीप. इथे पंजाबात शेजारीण श्रावणातल्या सलग पावसाला झडी म्हणते. म्हणजे आमच्या झडीची सख्खी बहीण. गारांना इथे गडे म्हणतात, धुक्याला धुंद, उन्हाळ्यातल्या धुळीच्या वादळाला आंधी. आणि थंडीत शेतावर पांढरा थर धरतो त्या हिमतुषाराला पंजाबीत म्हणतात कोरा. हा शब्द ऐकून मी हसले होते. तेव्हा माझ्या तक्त्यातली कोरी घरे मला छळत होती. त्याकडे येतेच.

प्रत्येक घटनेपुढे ‘इतर नावे’ असा रकाना ठेवा आणि त्यात ही सगळी नावे लिहा. तुमच्या संकेतस्थळावर कोणी ‘धुकं’ शोधेल, कोणी ‘धुके’, कोणी ‘धुंद’. माणसाला हे एकच आहे हे कळते. यंत्राला कळत नाही. त्याच्या दृष्टीने धुके आणि धुकं हे तितकेच वेगळे, जितके वांगे आणि विमान. त्याहून खट्याळ गोष्ट म्हणजे ‘ॲ’. हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते, आणि दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात. पण संगणक आत ते वेगळे साठवतो. शोधून सापडत नाही म्हणून डोके धरून बसण्यापेक्षा नाव एकदाच नीट टंका आणि पुढे सगळीकडे तेच चिकटवा.

मग गट पाडायचे. हे काम जगाने आपल्या आधी केलेले आहे. ढगांचा आंतरराष्ट्रीय कोश पहिल्यांदा १८९६ मध्ये निघाला, रंगीत चित्रांसह. त्यात पुढे भर पडत गेली, आणि २३ मार्च २०१७ रोजी, जागतिक हवामान दिनी, जागतिक हवामान संघटनेने त्याची नवी आवृत्ती थेट संकेतस्थळाच्या रूपात आणली. म्हणजे आपण करतो आहोत त्याचा थोरला भाऊच. त्या कोशात ढग सोडून बाकी घटनांचे चार गट आहेत: पाण्याच्या थेंबांचे किंवा बर्फाचे, धुळीचे नि धुराचे, प्रकाशाचे, आणि विजेचे. पाऊस, धुके, दव पहिल्यात. वावटळ, आंधी दुसऱ्यात. इंद्रधनुष्य आणि चंद्राभोवतीचे खळे तिसऱ्यात. वीज चौथ्यात. मी पाचवा गट जोडला, तापमानाचा. उष्णतेची लाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती त्या चारांत बसत नाही; पण लातूर काय आणि चंदीगड काय, तिला वगळून कोश कसा करणार?

त्या २०१७ च्या आवृत्तीत ‘ॲस्पेरिटास’ नावाचा एक प्रकार नव्याने आला. खालून पाहिले तर आभाळ खवळलेल्या समुद्रासारखे दिसते. तो यादीत यावा म्हणून आधी धडपडले ते ब्रिटनमधल्या ढगप्रेमींच्या एका संघाचे सभासद, म्हणजे साधे आभाळ बघणारे हौशी लोक. त्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रे जमवली. तेव्हा गच्चीवरून फोटो काढणाऱ्या तुमच्या नातवाला हसू नका.

पुढचा रकाना मर्यादेचा. ‘खूप पाऊस’, ‘दाट धुके’ असे लिहून भागत नाही. किती म्हणजे खूप? भारतीय हवामान विभागाच्या व्याख्या वापरा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर पोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले की उष्णतेची लाट. किनारपट्टीवर ४० ऐवजी ३७. आणि ज्या दिवशी अडीच मिलिमीटर तरी पडला तोच हिशेबात ‘पावसाचा दिवस’ धरतात. एक मिलिमीटर पडला तर अंगण ओले होते, पण तो दिवस मोजणीत येत नाही.

धुक्याची मर्यादा दृश्यमानतेवर ठरते, म्हणजे किती लांबचे दिसते त्यावर. हजार मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की धुके, २०० मीटरच्या आत दाट, ५० मीटरच्या आत अति दाट. आकडे मुलांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही ते सेक्टरवर बसवले. चंदीगडचा ठरावीक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असतो, आणि कडेचे रस्ते सरळ. डिसेंबरच्या सकाळी कोपऱ्यावर उभे राहून रुंदीच्या बाजूचा पुढचा चौक दिसत नसेल तर ते धुकेच. समोरून येणारी शाळेची बस अगदी जवळ आल्यावरच धुक्यातून बाहेर पडत असेल तर ते अति दाट, आणि त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवायची. तुमच्या गावात सेक्टर नसतील. पाण्याची टाकी असेल, देवळाचा कळस असेल, तालुक्याच्या रस्त्यावरचे वडाचे झाड असेल. एकदा अंतर मोजून ठेवा. तो तुमचा मापदंड.

आता आकडे. तक्ता भरताना आकडे इंग्रजी अंकांत भरा. एक्सेल किंवा गूगल शीट्स देवनागरी २५ ला बहुतेक वेळा अक्षरे समजते आणि बेरीज करायला नकार देते. (गंमत म्हणजे पायथन ही संगणकाची भाषा देवनागरी २५ ला बरोबर पंचवीसच वाचते. लेकीने दाखवले तेव्हा मला तिचे फार कौतुक वाटले, पायथनचेही.) पानावर दाखवताना पुन्हा देवनागरी करता येतात. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. नाहीतर ३ जुलैची नोंद अमेरिकी पद्धतीने ७ मार्च होऊन बसते, आणि मार्चमध्ये मुसळधार पाऊस पडल्याचा शोध तुमच्या नावावर लागतो. घरे एकमेकांत जोडू नका. रंगांनी अर्थ सांगू नका. लाल रंगवलेले घर तुम्हाला दिसते, तक्ता साध्या मजकुरात साठवला की तो रंग जातो.

तारखेची आणखी एक खोच आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा आकडा मोजणीच्या दिवसाच्या नावावर जातो. मुंबईचा २६ जुलै कोण विसरेल? २००५ साली सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. पण ते पाणी मोजले गेले २७ जुलैच्या सकाळी साडेआठला. म्हणून ‘पडला केव्हा’ आणि ‘मोजला केव्हा’ असे दोन रकाने ठेवा. आणि ठिकाणाच्या रकान्यात नुसते ‘मुंबई’ लिहू नका. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर होता.

वहीत जिथे नुसते नक्षत्र लिहिले आहे तिथे तारीख बनवू नका. मृग साधारण ७ जूनला लागतो हे खरे, पण ‘मृगात एक सर आली’ याचा अर्थ ७ जूनला आली असा होत नाही. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे असते. ‘मृग’ असेच लिहा आणि शेजारी ‘अंदाजे’.

आता कोऱ्या घरांकडे येते.

२०१५ साल आमच्याकडे कोणी विसरणार नाही. पाऊस रुसला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, २०१६ साली, मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. त्या वर्षीच्या वहीत ऑगस्टमध्ये बऱ्याच तारखांपुढे काही नव्हते. मी विचार केला, दुष्काळच होता, पाऊस नसणारच. सगळीकडे शून्य भरले. एकच आकडा उठून दिसत होता, महिनाअखेरीला २२. तक्त्याने क्रम लावला आणि ती नोंद सगळ्यांत वर आली. मी उत्साहाने पानावर ओळही लिहिली: दुष्काळी ऑगस्टमधला सर्वांत मोठा पाऊस. आईला फोन करून वाचून दाखवली.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, त्या दिवशी कुठला आला पाऊस? त्या दिवशी तर ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं.”

“मग बावीस कसे लिहिले त्यांनी?”

“बाटलीत होतं ना साठलेलं. एकोणीस दिवस सोलापूरला होतो आम्ही. गच्चीवर कोण जाणार बघायला? आले, खुर्चीत बसले, चहाला नको म्हणाले. म्हणाले, आधी ते मोजपात्र आण. शेजारच्या पोराला वर पाठवून बाटली खाली आणवली अन् स्वतः मोजलं. हात थरथरत होता, तरी मलाही धरू दिलं नाही.”

मी वही पुन्हा उघडली. २२ च्या शेजारी एक छोटी खूण होती, कंसासारखी, वरच्या कोऱ्या तारखांना कवेत घेणारी. मी ती शाईचा फराटा समजले होते.

म्हणजे त्या एका ओळीत मी दोन चुका केल्या होत्या. एकोणीस दिवसांच्या तुकड्यातुकड्यांच्या पाण्याला मी एका दिवसाचा मोठा पाऊस केला. आणि ज्या दिवसांत थोडा थोडा पाऊस पडला होता तिथे ठामपणे शून्य लिहिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात केवढा फरक आहे पाहा. बावीस मिलिमीटर एकदम पडला तर वाळत्या सोयाबीनला जीव येतो. तोच एकोणीस दिवसांत शिंतोड्यांनी पडला तर मुळापर्यंत पोचतही नाही. माझे पान वाचून उद्या कोणी म्हणाले असते, ‘तेव्हा पाऊस झाला होता की, मग पीक का गेले?’

त्या रात्री मी सगळी शून्ये पुसली आणि वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. जिथे अण्णांनी स्वतः शून्य लिहिले होते तिथे शून्य. जिथे ‘शिंतोडे’ लिहिले होते, पण मोजण्याजोगे पाणी नव्हते, तिथे तसेच. हवामानखात्यातही अशी ‘नाममात्र’ पावसाची वेगळी नोंद असते. जिथे ‘ढग आले, गेले’ असे होते तिथेही शून्य, कारण ते घरी होते आणि त्यांनी पाहिले होते. आणि जिथे काहीच नव्हते ते घर कोरे. त्याच्या शेजारी नवा रकाना केला: ‘का कोरे?’ त्यात लिहिले, ‘दवाखान्यात’, ‘लग्नाला गेले’, ‘पान फाटले’. २२ च्या पुढे ‘साठलेला, १९ दिवसांचा’. या ओळी कोणत्याही सरासरीत धरायच्या नाहीत, असे लेकीने यंत्राला सांगून ठेवले आहे.

तुमच्या घरी विचारायला माणसे आहेत तोवर हा रकाना भरून घ्या. बाकी सगळे नंतर करता येते.

संकेतस्थळ बनवणे त्यामानाने सोपे. दोन वाटा आहेत. पहिली, काही न शिकता: गूगल शीट्समध्ये तक्ता ठेवा, गूगल साइट्समध्ये पाने करून त्यात तो तक्ता बसवा. फोनवर भरता येते, पण साइट उभारायला तासभर संगणक घ्या. दुसरी वाट आम्ही घेतली. तक्ता सीएसव्ही प्रकारात उतरवला, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. उतरवताना यूटीएफ-८ निवडायला विसरू नका, नाहीतर मराठीची प्रश्नचिन्हे होतात. मग लेकीने पानाचा एकच साचा केला: वर नाव, खाली इतर नावे, गट, मर्यादा, काय करावे, आणि तळाला नोंदी. पायथनमधला छोटासा प्रोग्रॅम तक्त्यातली एकेक ओळ उचलतो, साच्यात ओततो आणि पान तयार करतो. ती पाने गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात. तक्त्यात दुरुस्ती केली की प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, सगळी पाने नवी. इडलीपात्रच म्हणा ना. आठवी-नववीतल्या मुलाला हे एका सुटीत जमते.

‘काय करावे’ हा रकाना गाळू नका. विजेच्या पानावर आम्ही लिहिले आहे: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे, पण गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही टप्प्यात आहात. झाडाखाली नाही, पक्क्या घरात; आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. शेतावर जाणाऱ्याच्या फोनवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप घालून द्या. आणि पानावर ठळक लिहा की हा कोश आहे, अंदाज नव्हे. अंदाजासाठी हवामान विभागाचेच पाहावे. २०२३ च्या जुलैत चंदीगडला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तेव्हा आमच्या गल्लीच्या गटात कुठल्या कुठल्या शहरांची बुडालेली छायाचित्रे फिरत होती.

त्यावरून आठवले: पुढे ढकलत आलेले छायाचित्र कोशात घेऊ नका. ज्याने काढले त्याच्याकडूनच घ्या, त्याची परवानगी घ्या, आणि त्याला सांगा, “फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.” साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो आकसवते आणि केव्हा, कुठे काढला ही माहिती त्यातून गळून जाते.

आमच्या शब्दांच्या तक्त्यात आज चौतीस ओळी आहेत. आई रात्री फोनवर पाने उघडते आणि एखादी चूक काढतेच. पस्तीसावी ओळ नाव घालून तयार आहे, कोरा, पंजाबीतला. छायाचित्राचे घर अजून रिकामे आहे. का कोरे? तिथे मी लिहिले आहे: जानेवारीत पहाटे साडेसहाला मोहरीच्या शेतापर्यंत यायला घरातले कोणी तयार नाही.